न वाचलेला रकाना

माझी बायको म्हणते, तुम्हाला बोलायला विषय लागत नाही, फक्त समोर कान लागतात. खरं आहे ते. बत्तीस वर्षं अकोल्यात अकरावी-बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवलं, तेव्हा कान आयते मिळायचे. निवृत्त झाल्यावर मी दूधवाल्याला जंतू समजावले, इस्त्रीवाल्याला रक्तगट समजावले. मी फाटकापाशी उभा दिसलो की शेजारचे गृहस्थ मागच्या बोळातून जायला लागले. ह्या सगळ्याची मला गंमतच वाटायची. माझ्या ह्या खोडीपायी घरातली एक पोर मरणाच्या दारात जाऊन येईल असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्यालाही चार गोष्टी समजावल्या असत्या.

पोर म्हणजे माझ्या धाकट्या भावाची एकुलती एक मुलगी. भाऊ मोर्शीजवळच्या आमच्या गावी राहतो, संत्र्याचा बगीचा करतो. वडिलांनी आम्हा दोघांची वाटणी लहानपणीच करून टाकली होती: मला पुस्तकं, त्याला झाडं. बारावीपुढे तो शिकला नाही, पण पानाकडे नुसतं बघून मुळाला काय झालंय ते सांगतो. मला दादा म्हणतो आणि माझं बोलणं छापील समजतो. मुलगी मला मोठेबाबा म्हणते. तिची आईही लेकीच्या नात्यानं मोठेबाबाच म्हणते, पण कामाशिवाय माझ्याशी बोलत नाही. आमच्याकडे भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, फार बोलण्याची रीत नाही.

मुलगी नऊ वर्षांची असताना तिला शुगर निघाली. महिन्याभरात ती काडीसारखी वाळली, शाळेतून आली की माठापाशीच बसायची. अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, ही म्हाताऱ्यांची शुगर नव्हे. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड असतं. त्यातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी तिच्याच शरीराच्या राखणदारांनी शत्रू समजून मारून टाकल्या होत्या. आता इन्शुलिन बाहेरून, सुईनं, दिवसातून चार वेळा, जन्मभर. भावानं फक्त एक प्रश्न विचारला. "जलमभर म्हंजे लगन झाल्यावर बी?"

पहिल्या वर्षी एक गोष्ट घडली, ती घडली नसती तर बरं झालं असतं. सुया सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांत तिचं इन्शुलिन कमी होत होत अगदी नावाला उरलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की उरल्यासुरल्या पेशींना जरा विसावा मिळाला म्हणून त्या काम करताहेत, हे टिकणार नाही. टिकलं नाहीच. पण त्या मधल्या दिवसांत पोर बरी झाली म्हणून भावानं मारुतीच्या पारावर गावाला रोडग्यांचं जेवण घातलं होतं. डोस परत चढला तेव्हा तो मला म्हणाला, "दादा, एकडाव बहार आलता ना? मंग झाड मेलं कसं म्हनाव?" मी हसून सोडून दिलं.

आता आईचं सांगायला हवं. ती जाऊन बरीच वर्षं झाली. तिला कॅन्सर झाला होता, आणि तोही स्वादुपिंडाचा. हे मी कागदावर लिहितो आहे, पण आमच्या घरात हे वाक्य तेव्हा कुणी तोंडानं उच्चारलं नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी आम्हा दोघा भावांना बाजूला घेऊन सांगितलं. परतताना गाडीत आम्ही ठरवलं की विचारणाऱ्यांना 'पोटाचं आहे' म्हणायचं, आणि मग ते तसंच राहिलं. आमच्याकडे त्या आजाराचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की तो घर विचारत येतो म्हणतात. कुणाला झाला तर बाया तोंडाला पदर लावून 'त्याले तो आजार हाय' एवढंच बोलतात. जीवशास्त्राचा मास्तर असून मीही हे मुकाट पाळलं. वर्गात पेशींच्या बेबंद वाढीवर तासभर बोलायचो, आणि गावी आलो की 'पोटाचं'. शेवटचे पाच महिने आईचं हगणंमुतणं सगळं भावानं काढलं. मी रविवारी फळं घेऊन यायचो.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात एका मासिकात लेख आला: मधुमेहात गेलेल्या पेशी पुन्हा उगवतील का? मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती. मला राहवेना. कात्रण कापून शर्टाच्या खिशात घातलं आणि रविवारची गाडी पकडून गावी गेलो. पहिला रकाना मी बसमध्येच दोनदा वाचला. दुसरा वाचायचा राहिला, कारण शेजारच्या सीटवरच्या माणसाला मी पहिला समजावत होतो.

ते दिवस संत्र्याच्या ताणाचे होते. आंबिया बहारासाठी थंडीत झाडाचं पाणी तोडतात आणि महिना-दीड महिना त्याला तहानलेलं ठेवतात. पानं मलूल होतात, थोडी गळतात, मग म्हणायचं की ताण बसला. त्यानंतर खतपाणी दिलं की झाड अंगभर फुलतं. पाणी कधी तोडायचं आणि कधी सोडायचं, ह्यातच संत्रावाल्याची सगळी अक्कल. बगीच्यातल्या खोपीपुढे आम्ही बसलो होतो. भावजय तुरीच्या शेंगा सोलत होती, पोर खाटेवर वही घेऊन होती, आणि चारी बाजूंनी झाडं माना टाकून उभी होती.

मी वाचायला सुरुवात केली. सगळ्याच पेशी मेलेल्या नसतात, काही तग धरून असतात. मोठेपणी त्या वाढायच्या थांबतात, कारण त्यांना आतून ब्रेक लागलेला असतो. प्रयोगशाळेत आणि उंदरांत काही औषधांनी हा ब्रेक सैल केला, तेव्हा त्या पेशी पुन्हा एकाच्या दोन व्हायला लागल्या. भावाच्या हातातला चहा तसाच राहिला.

"म्हंजे मेल्या नाई? झोपल्या?"

मास्तराला समोर असा चेहरा दिसला की त्याची जीभ आवरत नाही. मी म्हणालो, "तुझ्या संत्र्यासारखं समज. बहार आतच असतो. त्याला जागं करायला लागतं."

पोरीनं वही मिटली. "मंग मले सुया नाई लागनार?"

"बघू ना," मी म्हणालो आणि दुसऱ्या रकान्यावर आलो.

पहिल्याच ओळीत तो शब्द होता. ज्या ब्रेकनं ह्या पेशी थांबतात, तसल्याच ब्रेकनं शरीरातल्या बाकीच्या पेशीही थांबतात, आणि औषध नेमकं ह्यांच्यापाशीच थांबेल असं नाही. भलत्या पेशींचा ब्रेक सुटला तर कॅन्सर होऊ शकतो, स्वादुपिंडाचासुद्धा. मी भावाकडे पाहिलं. ह्याच माणसानं आईच्या तोंडात थेंब थेंब पाणी सोडलं होतं. पोर माझ्याकडे बघत होती, आणि तिला आजी कशानं गेली तेही ठाऊक नव्हतं. मी कात्रणाची मधोमध घडी घातली, खिशात ठेवलं आणि म्हणालो, "बाकी आपलं नेहमीचंच. संशोधन चालू आहे." भावजयीनं जेवायला वाढलं. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पुढचं मला मागाहून कळलं, थोडं भावजयीकडून, थोडं पोरीकडून. आठवडाभर भाऊ तेच मनात घोळवत होता. मग त्यानं लेकीला खोपीत बसवून सांगितलं की आजवर आपण तुझ्या झाडाला रोज वरून पाणी घालत आलो, मग ते आतून कशाला फुलेल? पाणी एकदम तोडलं तर झाड वाळतं, म्हणून त्यानं सुया हळूहळू तोडल्या. आधी दुपारची सुई गेली, मग बाकीच्या अर्ध्या झाल्या, शेवटी झोपतानाची लांब असर करणारीही. साखर चढू नये म्हणून जेवण चतकोर भाकरीवर आणलं. आकडे बघून जीव घाबरतो म्हणून तपासायचं मशीन कपाटात ठेवून दिलं. पोर हो म्हणाली. तिला सुया नको होत्या आणि बापावर तिचा विश्वास होता.

ती मलूल झाली, डोळे आत गेले, शाळेच्या पायऱ्या चढताना बसायला लागली. दुसऱ्या कुणा बापानं हे बघून दवाखाना गाठला असता. माझ्या भावाला वाटलं, ताण बसला.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला भावजयीचा फोन आला. तिचा मला आलेला तो पहिलाच फोन. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता, म्हणजे परसातून करत होती.

"मोठेबाबा, पोरगी पानी पानी करून राहिली. उलट्या बी झाल्या. म्या मशीन काढली तं त्याच्यावर आकडाच नाई येऊन राहिला, इंग्रजीत 'हाय' लिहून येते. ह्यायनं सुई बंद केली."

"कधीपासून?"

"तुमी ते वाचून गेले, तवापासून."

'हाय' म्हणजे साखर मशीनच्या मोजण्यापलीकडे गेली होती. मी ओरडलो, काय ओरडलो ते आठवत नाही. गाडी करा आणि ह्याच पावली अमरावतीला निघा, एवढं सांगितलं असणार. मग पायात जे सापडलं ते घालून अकोल्याहून बस पकडली. मूर्तिजापूरच्या आसपास खिशाला हात गेला. तोच शर्ट होता, धुऊन इस्त्री झालेला, आणि बायकोनं कात्रण जपून परत खिशात ठेवलं होतं. पहिल्यांदा मी दुसरा रकाना शेवटपर्यंत वाचला. मूलपेशींपासून नव्या पेशी बनवल्या, तर त्यांत एखादी कच्ची राहून तिची गाठ होण्याची भीती. शरीराचे राखणदार नव्या पेशींनाही मारतील ही दुसरी भीती. आणि अगदी खाली दोन ओळी होत्या. ह्यातलं काही हाती यायला अजून बराच काळ लागेल. तोवर इन्शुलिन हाच एकमेव आधार आहे, ते कुणीही स्वतःच्या मनानं कमी किंवा बंद करू नये.

बडनेऱ्यापर्यंत मी त्या दोन ओळी किती वेळा वाचल्या ते देव जाणे. कंडक्टरनं विचारलं, काका, बरं नाही का? मी मान हलवली.

दवाखान्यात पोर पडली होती, दोन्ही हातांत नळ्या. धावत आल्यासारखा खोल खोल श्वास चालला होता. डोळे अर्धे उघडे, पण ओळख नव्हती. भाऊ भिंतीला टेकून उभा होता. अतिदक्षता विभागात चपला चालत नाहीत, त्यानं त्या बाहेर न ठेवता हातातच धरल्या होत्या. मला बघून तो म्हणाला, "दादा, दोन दिवसापासून तिच्या तोंडाले वास येऊन राहिलता. फळासारखा. मले वाटलं..."

मला पुढचं कळलं. रक्तात आम्ल साठलं की श्वासाला तसा गोडसर वास येतो, हे मी बत्तीस वर्षं शिकवलं आहे. त्याला वाटलं होतं की लेक बहारावर आली.

डॉक्टर तरुण होत्या, संतापानं लाल झाल्या होत्या. "इन्शुलिन कोणाच्या सांगण्यावरून बंद केलं?"

"कोनाच्याच नाई," भाऊ म्हणाला. "माह्या मनानं."

मी त्याच्या शेजारी उभा होतो. कात्रण खिशात होतं. ते मी तिथंच राहू दिलं. डॉक्टरांनी त्याला माझ्यादेखत झाडलं, त्याच्या अडाणीपणाचा उद्धार केला, आणि मग शिकलासवरला माणूस म्हणून माझ्याकडे वळून म्हणाल्या, सर, तुम्ही तरी लक्ष ठेवायला पाहिजे होतं. मी मान खाली घातली. त्यांनी घरातले आजार विचारले तेव्हाही मी 'आईला पोटाचं होतं' एवढंच सांगितलं. पोटाचं म्हणजे काय, त्यांनी विचारलं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो, तेव्हा त्या पुढच्या पेशंटकडे गेल्या. मला त्या दिवसाची लाज वाटते, अजून वाटते.

चौथ्या दिवशी पोरीनं डोळे नीट उघडले आणि आईला हाक मारली. ती वाचली. डॉक्टर म्हणाल्या, एक दिवस उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.

गावानं भावाला सोडलं नाही. पारावरून जाताना त्याला 'डॉक्टरसाहेब' म्हणून हाका मारायचे. भावजयीचे भाऊ येऊन बहिणीला आणि भाचीला न्यायला निघाले होते, भावजयच गेली नाही. दवाखान्याच्या धावपळीत बगीच्याला पाणी सोडायची वेळ टळली, ताण लांबला, झाडं पानं गाळून बसली आणि त्या साली आंबिया आला नाही. एवढं सगळं भावानं एकट्यानं सोसलं, पण 'दादानं वाचून दाखवलं होतं' असं त्याच्या तोंडून कधी निघालं नाही. मी दर पंधरा दिवसांनी जायचो, हे सांगायचंच असं ठरवून जायचो, आणि चहा पिऊन परत यायचो.

पोर सुयांचे पेन स्टीलच्या डब्यात घालून डबा दप्तरात ठेवायला लागली. नऊ वर्षांची असल्यापासून सुईची वेळ झाली की पेन बापानं आणून द्यायचं, आकडा बापानं फिरवायचा. आता ती सगळं आपलं आपण करायची, आणि सुई टोचताना बापाकडे पाठ फिरवायची. ती पाठ फिरली की भाऊ उठून अंगणात जायचा. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि तरीही अकोल्याची बस पकडली.

मे महिन्यात एका दुपारी आम्ही ओसरीवर बसलो होतो. भाऊ बगीच्यातून आला होता, कातरीला दगडावर धार लावत होता. पोर माझ्यापुढे येऊन बसली.

"मोठेबाबा, ते कात्रण हाय का अजून तुमच्यापाशी?"

"आहे."

"तपासाले गेली होती तं डॉक्टर मॅडमले त्या औषधाचं विचारलं म्या. त्या म्हने, त्यात धोका बी हाय, लेखात तसं लिहेल असनच. तुमी धोक्याचं तं वाचलंच नाई." ती अगदी सरळ बघत होती. "आता पूर्न वाचा. बाबा बी ऐकतीन."

कात्रण घडीवर फाटायला आलं होतं. मी दुसरा रकाना वाचला. कॅन्सर हा शब्द आला तिथं थांबलो, मग मोठ्यानं वाचला. त्या घरात तो पहिल्यांदा उच्चारला गेला. भावजयीनं तोंडाला पदर लावला. पंखा फिरत होता तसा फिरत राहिला. इन्शुलिनच्या दोन ओळी आल्या तेव्हा पोरीनं वाकून त्या स्वतः वाचल्या.

भावाचा हात दगडावर थांबला होता. कातरीची धार अंगठ्यावर बघत तो म्हणाला, "पानसोट बी असाच वाढते. बुडातून निंगते, जोमानं वर जाते, फळ काई देत नाई अन् झाडाले खाते. दिसला का कापाच लागते." मी वर्गात तासभर घेऊन जे सांगायचो ते त्यानं एवढ्यात सांगून टाकलं. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "हे तवा होतं का ह्याच्यात?"

"होतं."

"मंग वाचलं कावून नाई?"

"आईमुळे," मी म्हणालो. "आईला तेच होतं. तुझ्यापुढे, पोरीपुढे ते नाव घेववेना."

"आजीले?" पोर म्हणाली.

भाऊ रागावला नाही. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. पान बघून मुळाचं सांगतो त्याच आवाजात तो म्हणाला, "आईचं म्या केलं, दादा. पाच महिने. ते नाव ऐकलं असतं तं म्या पोरीची सुई बंद केली नसती."

पोरीनं दप्तरातून डबा काढला, पेन हलवून उजेडात धरलं. जेवायची वेळ झाली होती.

"बाबा, हे सरलं. फ्रिजमदून नवं आनून देता का?"

भाऊ उठला. पेन आणलं, दोन्ही तळव्यांत धरून जरा ऊन केलं, आकडा फिरवला, तिला दाखवला आणि तिच्या हातात दिलं. तिनं फ्रॉकची कड वर केली आणि सुई टोचताना फिरवायची तशी पाठ फिरवली. ह्या वेळी माझ्याकडे.